शिबिरांची संख्या आणि आरोग्याचा ताळेबंद

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचे लिखित रूप)



वर्धापनदिनाच्या सभेत एखाद्या तज्ज्ञ वैद्यकाचे व्याख्यान व्हावे, अशी आपली प्रथा आहे. यंदा ही जबाबदारी विश्वस्त मंडळाने माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधरावर सोपविली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. रोगाचे निदान वा उपचार यांविषयी अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही. परंतु ज्याचे आयुष्य खातेवह्या, पावत्या आणि लेखापरीक्षण यांत गेले, त्याला एक प्रश्न विचारण्याचा अधिकार खचितच आहे : खर्च झाला, त्यातून निष्पन्न काय झाले? दीर्घकालीन आजारांच्या नियंत्रणासाठी एखाद्या जिल्ह्यात वा तालुक्यात जे आरोग्य कार्यक्रम राबविले जातात, त्यांना हा प्रश्न कसा विचारावा आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे कसे मोजावे, एवढाच आजचा माझा विषय आहे.

प्रश्नाची व्याप्ती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून, प्रौढांपैकी सुमारे ३५.५ टक्के व्यक्तींना उच्च रक्तदाब आहे. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रतिबंधासाठी केंद्र शासनाने २०१० मध्ये निवडक १०० जिल्ह्यांपासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढे तो देशभर विस्तारला आणि २०२३ मध्ये त्याचे नाव बदलून व्याप्तीही वाढविण्यात आली. शासनाबरोबरच आपल्यासारख्या धर्मादाय संस्था आपापल्या परिसरात शिबिरे, तपासण्या व औषधवाटप करीत असतात. म्हणजे पैसा खर्च होत आहे, मनुष्यबळ राबत आहे, हेतूही निर्मळ आहे. या सर्वांचे फलित मात्र फार थोड्या ठिकाणी मोजले जाते.

याचे एक कारण आपल्या सवयीत आहे. धर्मादाय रुग्णालयांचा सेवेचा वारसा बव्हंशी मोतीबिंदूची शिबिरे, लसीकरण आणि प्रसूती यांतून घडलेला आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकदा यशस्वी झाली की रुग्णाला दिसू लागते. तेथे शस्त्रक्रियांची संख्या हेच बऱ्याच अंशी कामाचे फलित असते. त्यामुळे अहवालात ‘एवढी शिबिरे, एवढे लाभार्थी’ असे लिहिणे त्या कामाला साजेसेच होते.

उच्च रक्तदाबाचे तसे नाही. शिबिरात रक्तदाब मोजला म्हणून तो कमी होत नाही. एक महिन्याची गोळी दिली म्हणून दुसऱ्या महिन्याचा रक्तदाब आटोक्यात राहत नाही. रुग्णाला त्रास जाणवत नसल्यामुळे तो पुन्हा येण्याची निकडही नसते. या आजारात पहिली भेट ही केवळ सुरुवात आहे. खरे काम पुढील वीस-पंचवीस वर्षांचे आहे आणि ते आपल्या अहवालांच्या कोष्टकांत मावत नाही.

वैद्यकशास्त्रात अर्ध्याअर्ध्याचा एक ठोकताळा फार पूर्वीपासून सांगितला जातो. त्याचे गणित सोपे आहे. समजा, एखाद्या परिसरात उच्च रक्तदाबाच्या ८०० व्यक्ती आहेत. त्यांपैकी निम्म्यांनाच, म्हणजे ४०० जणांना, आपल्या आजाराची माहिती असते. माहिती असलेल्यांपैकी निम्मे, म्हणजे २०० जण, उपचार घेतात. उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचा, म्हणजे १०० जणांचा, रक्तदाब आटोक्यात असतो. प्रत्यक्षातील प्रमाण ठिकाणानुसार कमीअधिक असेल. पण ८०० पासून १०० पर्यंतच्या वाटेवर गळती नेमकी कोठे होते, हे शोधणे म्हणजेच कार्यक्रमाचे मूल्यमापन. शिबिर या वाटेवरील फक्त पहिल्या पायरीवर काम करते.

छेद कोणता घ्यावा?

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर मूल्यमापनातील बहुतेक वाद एका प्रश्नापाशी येऊन थांबतात : टक्केवारी काढताना छेदस्थानी कोणती संख्या घ्यायची? याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशातील आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयुर्विज्ञान संशोधन परिषद, राज्य शासने आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा त्यात सहभाग होता. प्रारंभी पाच राज्यांतील २५ जिल्हे निवडले गेले. त्यांत महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे होते. उपक्रमाची सूत्रे पाच होती : पायरीपायरीने वाढविण्याची साधी औषधयोजना, औषधांचा अखंड पुरवठा, डॉक्टरांबरोबर परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांमध्ये कामाची वाटणी, रुग्णाला घराजवळ सेवा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणारी माहितीव्यवस्था. शेवटचे सूत्र मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यामुळेच हा उपक्रम स्वतःचा हिशेब देऊ शकला.

पंजाब, मध्य प्रदेश, महाराष्ट्र व तेलंगणा या चार राज्यांतील २४ केंद्रांची आकडेवारी पुढे प्रसिद्ध झाली. जानेवारी २०१८ ते जून २०१९ या काळात तेथे २१,८९५ रुग्णांची नोंदणी झाली होती. त्यांपैकी ११,२७४ रुग्ण जुलै ते सप्टेंबर २०१९ या तिमाहीत पुन्हा तपासणीस आले. या परतलेल्या रुग्णांपैकी नोंदणीच्या वेळी २६.३ टक्के व्यक्तींचा रक्तदाब आटोक्यात होता. पाठपुराव्याच्या वेळी हे प्रमाण ५९.८ टक्के झाले.

हे यश मोठे आहे आणि त्याचे श्रेय त्या केंद्रांतील कर्मचाऱ्यांना मनापासून दिले पाहिजे. तथापि हिशेबनीस म्हणून मी हेच आकडे दुसऱ्या रीतीने मांडून पाहिले. परतलेल्या ११,२७४ रुग्णांचे ५९.८ टक्के म्हणजे सुमारे ६,७४२ रुग्ण. नोंदणी झालेल्या २१,८९५ रुग्णांशी त्यांचे प्रमाण काढले, तर ते साधारण ३१ टक्के भरते. एकच काम, एकच वही. एका छेदाने साठ टक्के, दुसऱ्या छेदाने एकतीस.

यांपैकी खरे कोणते? दोन्ही खरे आहेत, परंतु ती दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ‘आमच्याकडे येत राहणाऱ्या रुग्णाला आम्ही चांगले उपचार देतो का?’ याचे उत्तर साठ टक्के हे आहे. ‘ज्यांची जबाबदारी आम्ही नोंदवहीत घेतली, त्यांपैकी किती जणांचा रक्तदाब आज आटोक्यात असल्याचे आम्ही दाखवू शकतो?’ याचे उत्तर एकतीस टक्के हे आहे. त्या तिमाहीत न आलेल्या सर्वांचा रक्तदाब बिघडलेलाच असेल, असे मुळीच नाही. कोणी अन्य डॉक्टरांकडे गेले असतील, कोणी स्थलांतर केले असेल, कोणी औषध सोडले असेल, कोणी या जगातही नसेल. परंतु जी येणी वसूल झाल्याचा पुरावा नाही, ती वसूल झाली असे आपण ताळेबंदात दाखवत नाही. आरोग्याच्या हिशेबातही तोच नियम असावा. या अभ्यासाने न परतलेल्या रुग्णांची संख्या लपविली नाही, म्हणूनच आपल्याला हे गणित करता आले.

याच अभ्यासातील आणखी एक बाब आपल्यासारख्या मोठ्या इमारतीच्या रुग्णालयाने लक्षात ठेवावी अशी आहे. प्राथमिक स्तरावरील केंद्रांत नियंत्रणाचे प्रमाण ४८.१ टक्केबिंदूंनी वाढले, तर दुय्यम स्तरावरील रुग्णालयांत ते २२.९ टक्केबिंदूंनी वाढले. रोजंदारी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून आणि केसपेपरच्या रांगेत उभे राहून जी गोळी मिळते, तीच गोळी घराजवळ मिळाली तर माणूस ती सोडत नाही, हा अर्थ मला त्यातून सर्वांत सयुक्तिक वाटतो.

तुलनेवाचून निष्कर्ष नाही

दुसरा प्रश्न तुलनेचा आहे. नोंदणीच्या दिवशी वाढलेला रक्तदाब पुढील भेटीत काही अंशी आपोआपही उतरलेला दिसतो, कारण माणूस बहुधा तो नेमका जास्त असलेल्या दिवशीच रुग्ण म्हणून नोंदला जातो. शिवाय कार्यक्रम चालू असताना समाजही बदलत असतो. म्हणून ‘आधी असे होते, नंतर असे झाले’ एवढ्याने कार्यक्रमाचे श्रेय सिद्ध होत नाही.

फिनलंडमधील उत्तर करेलिया प्रांताचा प्रकल्प या बाबतीत जगभर अभ्यासला जातो. तेथे ऐन कामाच्या वयातील पुरुष हृदयविकाराने मोठ्या संख्येने दगावत होते. १९७१ मध्ये प्रांताच्या प्रतिनिधींनी शासनाकडे लेखी मागणी केली आणि १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. लोण्याऐवजी वनस्पती तेल, कमी मीठ, धूम्रपानाचा त्याग आणि रक्तदाबावर उपचार, असा त्याचा आशय होता. गृहिणींच्या संघटना, शाळा, दुग्धव्यवसाय, वृत्तपत्रे या सर्वांना त्यात गुंतविले गेले. काम सुरू होतानाच आरंभीची पाहणी करून ठेवण्यात आली, शेजारचा कुओपिओ प्रांत तुलनेसाठी निश्चित केला गेला आणि दर पाच वर्षांनी पुन्हा पाहण्या झाल्या. पुढील साधारण पस्तीस वर्षांत कामाच्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू तेथे ८० टक्क्यांहून अधिक घटले.

परंतु याच काळात कुओपिओतही आणि उर्वरित फिनलंडमध्येही मृत्यू घटले, कारण चांगली गोष्ट सीमेवर अडून राहत नाही. त्यामुळे घटीतील नेमका किती वाटा प्रकल्पाचा, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ चर्चा झाली. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९८० च्या दशकात झालेल्या अशाच लोककार्यक्रमात तर तुलनेच्या गावांतील परिस्थितीही सुधारत गेली आणि कार्यक्रमाचा वेगळा परिणाम फारसा दाखवता आला नाही. तुलनेची गावे नसती, तर तेथेही सर्व सुधारणा कार्यक्रमाच्याच खात्यात जमा झाली असती.

आपल्या जिल्ह्यांतील धडा

तुलनेचे असे काम केवळ श्रीमंत देशांनाच शक्य आहे, असे समजण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये ग्रामीण भागासाठीची देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्याच रुग्णालयाने, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने, १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला.

३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह चिठ्ठ्या टाकाव्यात त्या न्यायाने चार गटांत विभागले गेले. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची सूक्ष्मदर्शक तपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी, तर चौथ्या गटात नेहमीची उपलब्ध सेवा, अशी रचना होती. तपासणी एकदाच झाली आणि पुढे सुमारे आठ वर्षे या स्त्रियांचा मागोवा घेतला गेला.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीच्या तिन्ही गटांत सुमारे ८० टक्के स्त्रियांची तपासणी झाली होती. आपल्या नेहमीच्या अहवालाच्या भाषेत तिन्ही कार्यक्रम सारखेच यशस्वी ठरले असते. मृत्यूंच्या नोंदीने मात्र निराळेच चित्र दाखविले. तुलनेच्या गटात या कर्करोगाने ६४ स्त्रियांचा मृत्यू झाला, तर एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ स्त्रियांचा. म्हणजे मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींच्या गटांत मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. बार्शीची नोंदणी आणि गावोगावचा पाठपुरावा नसता, तर हा भेद कोणाच्याही ध्यानात आला नसता.

या निष्कर्षाला एक पुरवणीही आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत केलेल्या दुसऱ्या अभ्यासात ॲसिटिक आम्लाची तीच साधी तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तेथे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. धाराशिवमध्ये एकदा करून जिचा प्रभाव दिसला नव्हता, ती पद्धत मुंबईत पुनःपुन्हा केल्यावर फलदायी ठरली. म्हणून एखादी पद्धत सरसकट चांगली वा वाईट ठरवू नये. ती कोठे, किती वेळा आणि कोणत्या पाठपुराव्यासह राबविली, हेही मोजले पाहिजे.

येथे एक गंभीर बाब नमूद करणे मी कर्तव्य समजतो. या अभ्यासांत तुलनेच्या गटांतील स्त्रियांना तपासणी दिली गेली नाही, यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले आणि त्यांवर बराच वाद झाला. त्या वेळी परिसरात अशी तपासणी उपलब्धच नव्हती, हे एका बाजूचे म्हणणे. माहिती असूनही कोणाला वंचित ठेवणे योग्य नाही, हे दुसऱ्या बाजूचे. हा वाद निकालात काढणे माझ्या अधिकाराबाहेरचे आहे. आपल्यापुरता बोध एवढाच की, मापनासाठी कोणाचे उपचार रोखण्याची गरज आपल्याला नाही आणि आपण ते कदापि करू नये. पैसा व माणसे अपुरी असल्याने आपले काम सर्व गावांत एकाच दिवशी सुरू होऊ शकत नाही. ज्या गावांची पाळी नंतर येणार आहे, त्यांची पाहणी आजच करून ठेवली, तर तुलनाही होते आणि कोणी वंचितही राहत नाही.

आपला ताळेबंद

आता स्वतःकडे वळू. सार्वजनिक न्यास म्हणून आपले हिशेब दरवर्षी तपासले जातात. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. २००६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने ही योजना लागू आहे. त्याचा पै-पैचा हिशेब आपण देतो, कारण तो मागितला जातो. मात्र शिबिरात ज्याचा रक्तदाब वाढलेला आढळला, त्या माणसाचे पुढे काय झाले, हे आपल्याला कोणीही विचारत नाही. विचारणारा नाही म्हणून तो हिशेब द्यायचा नाही, ही सेवाभावी संस्थेला शोभणारी भूमिका नव्हे.

खर्चाचे एक उदाहरण पाहा. समजा, एका शिबिराला १,००,००० रुपये खर्च आला आणि ५०० लोकांची तपासणी झाली. दरडोई खर्च २०० रुपये. अहवालात हा आकडा काटकसरीचा दिसेल. त्यांपैकी समजा १०० जणांचा रक्तदाब जास्त आढळला, २५ जण पुढील उपचारांस आले आणि वर्षअखेरीस १० जणांचा रक्तदाब आटोक्यात राहिला. तर आटोक्यात आलेल्या प्रत्येक रुग्णामागे खर्च १०,००० रुपये झाला. त्याच रकमेतील काही भाग आरोग्यसेविकेच्या प्रवासभत्त्यासाठी, फोनसाठी व नियमित औषधसाठ्यासाठी वापरला आणि २५ ऐवजी ६० जण परत आले, तर हाच खर्च किती उतरेल, याचा विचार आपण करावा. ही संख्या केवळ समजुतीसाठी घेतली आहे. आपली खरी संख्या आपल्याला मोजूनच कळेल.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी नम्रपणे पुढील प्रस्ताव मांडतो. आपल्या कार्यक्षेत्रातील गावांसाठी उच्च रक्तदाब व मधुमेह यांची एकच कायम नोंदवही असावी आणि पुढील वर्षापासून वार्षिक अहवालात शिबिरांच्या संख्येआधी पाच आकडे छापावेत. पहिला, परिसरात अपेक्षित असलेल्या रुग्णांपैकी किती जणांची नोंद झाली. दुसरा, नोंदलेल्यांपैकी किती जण शेवटच्या तिमाहीत तपासणीस आले. तिसरा, नोंदलेल्या सर्वांशी प्रमाण काढून किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे. चौथा, वर्षातील किती दिवस आवश्यक औषध आपल्याकडे शिल्लक नव्हते. पाचवा, आटोक्यात राहिलेल्या प्रत्येक रुग्णामागे खर्च किती झाला. याखेरीज, शिबिरांसाठी राखलेल्या निधीचा काही भाग पाठपुराव्याकडे वळविण्यास मंडळाने अनुमती द्यावी.

या प्रस्तावाची किंमतही स्पष्टपणे सांगतो. हे आकडे आरंभी लहान दिसतील. शेजारच्या संस्थेच्या अहवालात हजारो लाभार्थी असतील आणि आपल्या अहवालात काहीशे. एखादे वर्ष नियंत्रणाचे प्रमाण घसरलेलेही छापावे लागेल. शिबिराच्या मांडवात देणगीदाराच्या नावाचा फलक लागतो; आरोग्यसेविका ज्या घरी ‘काका, या महिन्यात गोळ्या न्यायला आला नाहीत’ असे विचारायला जाते, तेथे फलक लावायला जागा नसते. देणग्या कमी होतील, अशी भीती काही विश्वस्तांनी माझ्याजवळ व्यक्त केली आहे आणि ती निराधार नाही.

उपस्थित देणगीदारांना म्हणूनच माझी विनंती आहे. आपण व्यवसायात उलाढालीचा आकडा पाहून भागीदारी करीत नाही. नफा-तोटा पत्रक मागता. आमच्याकडेही तेच मागा. या वर्षी किती लोक मांडवात आले, हे विचाराच. पण गेल्या वर्षी आलेल्यांपैकी आज किती जणांची प्रकृती आटोक्यात आहे, हे आवर्जून विचारा. तुमचा प्रश्न बदलला, तर आमच्या कामाची दिशा बदलणे मंडळाला सोपे जाईल.

आरोग्यसेविकांना एक आश्वासन देतो. हे आकडे तुमच्यावर ठपका ठेवण्यासाठी वापरले जाणार नाहीत. आकडे चांगले दाखविण्याचा दबाव आला की न आलेल्या रुग्णांची नावे वहीतून गळू लागतात, आणि मग छेदच खोटा होतो. जेथे न आलेल्यांची यादी मोठी असेल, तेथे औषधसाठा, वाहन व मनुष्यबळ पोहोचविणे ही प्रशासनाची, म्हणजे माझी जबाबदारी राहील.

विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा प्रस्ताव ठेवण्यात आला आहे. आपल्या सूचना लेखी स्वरूपात कार्यालयाकडे अवश्य पाठवाव्यात.